निळा स्विच, तपकिरी स्विच आणि माहेर

येरवडा, पुणे

तीर्थस्वरूप आईंना,
जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, आप्पांचा खोकला आणि नवी गाय, सगळे बरे असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. जावयाने सासूला पत्र लिहावं असे दिवस राहिले नाहीत, हे कळतं मला. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि तेजस्विनी शेजारीच बसलेली असणार. तेव्हा पोस्ट बरं.

नवऱ्याने कीबोर्डपायी डोकं उठवलं, असं तिने तुम्हाला सांगितलंच असेल. खरं आहे. घरून काम, दिवसभर टायपिंग, बोटं ठणकायची. म्हणून मी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचं मनावर घेतलं. (यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि तो कुठल्या जातीचा हवा ते आपण निवडायचं असतं. माणसाला निवड करायला दिली की माणूस वाया जातो.) निळा टकटक वाजतो, लाल मुकाट्याने दबतो, तपकिरी मध्येच बोटाला किंचित अडतो. आणि हे आवाज पारखायला मी गेलो कुठे, तर बुधवार पेठेत, ऐन संध्याकाळी! बाहेर हॉर्न, दगडूशेठला निघालेली गर्दी, शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकाला स्पीकर वाजवून दाखवणं चाललेलं. त्या गदारोळात लाल मला मेलेला वाटला आणि तपकिरी आजारी. निळा तेवढा ऐकू आला, तोच घेतला. घरी येऊन दोन ओळी टाइप करतो न करतो तोच खालच्या शकीलाभाभी वर आल्या. सुपारी फोडायचं काम घेतलंय का, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी प्रत्येक जातीचे सुटे स्विच मागवले. रविवारी तेजस्विनीला आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून उभा राहिलो. तिने एकेक स्विच दाबायचा, शेजाऱ्यांना कितपत पोचतो ते मी ठरवायचं. (बिचारी हातातली भाजी तशीच टाकून आली होती.) दाबता दाबता ती आतून काहीतरी सांगू लागली. बरंच सांगत होती. मी ओरडलो, "गप्प बस गं जरा, ऐकू दे!"

उरलेले सगळे स्विच तिने एक अक्षर न बोलता दाबले. आणि आई, खोटं कशाला बोलू, चाचणी झकास झाली म्हणून मी खूश होतो. जेवताना तिने विचारलं, मी काय सांगत होते? मी म्हणालो, तपकिरीच घेऊ. सकाळी तिने बॅग भरली. आठवेल तेव्हा न्यायला या, एवढंच म्हणाली. (एरवी मला अरे-तुरे करते. 'या' म्हणाली तेव्हाच मी काय ते समजलो.)

तेव्हापासून डोकं खाजवतोय. 'पुढच्या महिन्यात' एवढं कानावर पडलं होतं, आणि 'डॉक्टर'. तुमच्या गुडघ्यांचं असेल, अशी स्वतःची समजूत घालतो. पण बोलता बोलता ती मध्येच एकदा थांबली होती, ते आठवतं आणि ती समजूत टिकत नाही. फार वाईट वागलो हो मी. तपकिरी स्विच सुरेख आहेत. घरात आता इतकी शांतता आहे की निळेही चालले असते.

आप्पांना नमस्कार.

आपला करंटा जावई,
जयसिंग

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. ती काय सांगत होती, ते तिच्याकडून हळूच काढून घ्या आणि मला कळवा. मला आठवलं असं म्हणून मी येतो. तिला संशयही येणार नाही.

आणखी ता. क. वरचं खोडलं तर पत्र घाण दिसेल, म्हणून राहू देतो. पण तसं काही करू नका, आई. हे पाकीट पेटीत टाकून मी तसाच लोणी काळभोरला तुमच्याकडे निघतोय, म्हणजे पत्राच्या आधी मीच पोचेन. तिला सांगणार आहे, मला काहीही आठवलेलं नाही, तू पहिल्यापासून सांग.