दादांच्या पोटाचा फोटो

दादांनी पांढऱ्या औषधाचा पेला नाकापाशी नेला, हुंगला आणि डॉक्टरांना विचारलं, "मीठ टाकलंय का यात?" आई, तू दाराबाहेरच्या बाकावर होतीस, तरी तुला ते ऐकू गेलं आणि तू पदर तोंडाला लावलास. आयुष्यभर तुझ्या आमटीला विचारलेला प्रश्न त्यांनी सोलापुरातल्या एक्स-रेवाल्या डॉक्टरांना विचारला होता. डॉक्टर म्हणाले, "प्या, आजोबा. हे पोटात उतरलं की आतलं सगळं फोटोत दिसतं." दादांनी विचारलं, "सगळं?" तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जेवल्यावर त्यांचं पोट दुखायचं. वैरागच्या डॉक्टरांना गाठीची शंका आली, म्हणून तुम्ही दोघं आदल्या दिवशी एसटीने माझ्या खोलीवर आला होता. गाठ निघाली तर पोट फाडावं लागणार होतं. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि नियम समजावून सांगण्याची मला हौस होती. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही नको, असं मी दोनदा सांगितलं. तू "व्हय" म्हणालीस. तुझ्या 'व्हय'चा अर्थ ऐकलं एवढाच असतो, हे मला त्या वयात माहीत असायला हवं होतं.

डॉक्टर ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावतात आणि आपल्याला आत बोलावतात. औषधाने पांढऱ्या झालेल्या पोटात काळे डाग आहेत, फाटक्या कडांचे. ते बराच वेळ पाहतात.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"न्हाय," दादा म्हणतात. खोटं बोललो म्हणून मला चिंचेच्या फोकाने मारलेले दादा.

"मग गाठच दिसते. ऑपरेशनचं बघावं लागेल."

दादा तुझ्याकडे पाहत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतात. तू मात्र पुढे होतेस, फिल्मपाशी वाकतेस.

"ती गाठ न्हाय, डाक्टर. शेंगाची पोळी हाय."

"कधी खाल्ली?"

"पहाटं. एवढ्या मोठ्या कामाला निघालेला मानूस, हातावर दही-साखर ठिवल्याबिगर वाटंला कसा लावायचा? मग उपाशीपोटी नुसतं दही बाधंल म्हनून पोळी दिली."

"एक?"

"दीड," दादा म्हणाले.

"अवो, गप बसा की."

"मी गपच हुतो. तूच बोललीस."

डॉक्टर हसले नाहीत. "आजोबा, मी तुमचं पोट फाडलं असतं."

"फाडलं असतं तर पोळी निघाली असती," दादा म्हणाले. "हिला बोलनी तर बसली नसती."

मग डॉक्टरांची बोलणी तुला बसलीच. तू मान खाली घालून ऐकलीस. रस्त्यावर आल्यावर तू दादांना म्हणालीस, "मी बोलले नसते तर?" ते म्हणाले, "तू बोलनार हे मला ठावं हुतं. कंदी गप बसलीयस?" त्यांच्या जिभेला तुझी आमटी रोज अळणी किंवा खारट लागायची. त्या माणसाला तुला कोणी परक्याने रागावलेलं चालत नव्हतं. त्यासाठी तो सुरीखाली जायला तयार होता. मला हे कळायला माझं स्वतःचं लग्न जुनं व्हावं लागलं.

उद्या माझ्या पोटाची सोनोग्राफी आहे. सकाळी काही खाऊ नका, असं मुलीने बजावलंय. मी "हो" म्हणालो. या पत्रासाठी पाकीट आणलेलं नाही. एवढंच सांगतो, की मघाशी उठून फ्रीजमध्ये दही आहे का ते पाहून आलो. आहे.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काही न खाता गेले आणि ते औषध पुन्हा प्यायले. फोटोत व्रण निघाला, गाठ नव्हती. खोलीवर परतल्यावर तू उंबऱ्यातच त्यांच्या हातावर दही-साखर ठेवलीस. ते म्हणाले, दही आंबट आहे.