पाचवा ग्लास

प्रिय ताई,

आधी ‘तुम्ही’ लिहिलं होतं, मग खोडलं. आपण कधी भेटलो नाही हे खरं, पण जिचा वावर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असतो तिला अहोजाहो कसं करू? तुझा पत्ता सरांच्या भाचीकडून घेतला. हो, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी यांना सरच म्हणते. एकाच शाळेत होतो, ते भूगोल शिकवायचे, मी चित्रकला. ती सवय काही सुटली नाही.

सरांना विसरायला होतं, ताई. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग माणसं. डॉक्टर म्हणतात, अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं टिकतं. त्यामुळे मी पुसली गेले आणि तू, त्यांची पहिली बायको, टिकलीस. दुपारी मी मटण मंद आचेवर ठेवते, तेव्हा ते दारात उभे राहून शेगडीपलीकडच्या कोपऱ्याशी बोलत असतात. तिथे कोणीही नसतं. “लिंबाची साल शेवटी घाल हं, कडू होईल,” असं सांगतात. मी साल कधी घालतच नव्हते. आता घालते, आणि शेवटीच घालते. मीठ जागेवर नसलं की म्हणतात, “ती घेऊन गेली.” मग ते खिडकीत सापडतं. त्यांनीच ठेवलेलं असणार, मला कळतं. तरी हल्ली वळताना मी जरा बाजूला सरकते, कोणाला तरी जायला वाट द्यावी तशी. कधी कधी वास येतो लिंबाचा, घरात लिंबू नसताना. वेड लागायचं हेही एक वय असेल.

शनिवारची बैठक मात्र मी मोडू दिली नाही. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य आणि त्यांची बायको येतात. बाटल्यांवर जुने मोजे चढवायचे, घोटभर वाइन किंवा बिअर ओतायची आणि ओळखायची. डॉक्टरांनी सरांना तेवढ्याची मोकळीक दिली आहे. दंतवैद्यांना सगळंच आंबट लागतं आणि सगळंच दातांना वाईट. पण सर तोंडात घोळवून सांगतात, “ही उन्हातली द्राक्षं. दक्षिण उतारावरची.” मोजा काढला की बरोबर निघतं. भूगोल जिभेवर अजून शाबूत आहे.

गेल्या शनिवारी आम्ही चौघंच असताना त्यांनी पाच ग्लास मांडले. पाचव्यात त्यांनी सगळ्यांत आंबट पांढरी वाइन ओतली, आणि दंतवैद्यांनी तोच ग्लास सहज उचलला. सर ताडकन उठले. “ठेवा तो! तिचा आहे. ती येईल ना आता!” डोळ्यांत पाणी. दंतवैद्य कानकोंडे झाले. त्यांच्या बायकोने ताटातल्या भाजलेल्या बटाट्यांकडे बघत मान खाली घातली. मला ते बघवेना. मी तो ग्लास हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांना ‘अरे’ म्हटलं. म्हटलं, “अरे, मी आलेय.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. “किती उशीर, चिंचे!” म्हणाले. तुला ते चिंचे म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं. पाहुणे कधी निघून गेले ते मला समजलंसुद्धा नाही. सर माझा हात धरून बोलत राहिले. माझा कसला, तुझाच.

म्हणाले, तू घर सोडून गेलीस त्या दिवशी ते स्टेशनवर आले होते. पेपरच्या स्टॉलमागे उभे होते, तुझी विसरलेली शाल हातात घेऊन. तू डब्यात चढण्याआधी मागे वळून पाहिलंस. त्यांच्या तोंडून हाक फुटली नाही. गाडी गेली. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. बहुतेक कोणालाच नाही.

तुझं होतं ते चुकून माझ्या हाती आलं, म्हणून पोचवते आहे. पण एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. त्या संध्याकाळपासून ते रोज माझा हात धरून विचारतात, “मी हाक मारली असती तर थांबली असतीस?” खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही आणि खरं मला ठाऊक नाही. तू एक ओळ लिहून पाठव. ‘नाही’ असेल तर नाही लिही. ‘हो’ असेल तर माझी पर्वा करू नकोस, हो लिही. माझा सगळा संसार त्या एका न फुटलेल्या हाकेवर उभा आहे, हे मला कळलं आहे, आणि ते मी सोसेन. उत्तर मीच सांगेन त्यांना. तुझ्या आवाजात.

तुझीच,
जिचं नाव सरांना आता आठवत नाही, ती