पुढं काय झालं असतं
मंगळवार, संध्याकाळ

अठरा वर्षं सुधीर आणि मी एकत्र राहतोय, पण आई आली की तो 'भाडेकरू' होतो आणि त्याची गादी बाहेरच्या खोलीत जाते. आज तिघं टीव्हीपुढे नया बाजारातले मटार सोलत होतो. मालिकेतल्या त्या दोन मुलग्यांचं प्रेम जमलं, आणि तिसऱ्याच भागात एकाला परदेशी धाडलं. नेहमीचंच! मालिकावाले अशा जोड्यांना कधी म्हातारं होऊ देत नाहीत. सुधीर सोलता सोलता निम्मे मटार खातो, मी ओरडतो, हे कोण दाखवणार?

आई हळहळली, "बेचारे! सोबत राहिले असते तर पुढं काय झालं असतं रे?"

सांगायचं होतं. मी आणखी एक शेंग सोलली.

पुढचं सगळं तिच्या शेजारी बसून कच्चे मटार खात होतं.