शेवटी मेन पाडतो

आसेगाव,
रविवार

प्रिय मुकेशदादा,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे, तूर घरात आली, हरभरा घाट्यावर आहे, आणि तुझी बहीण आनंदाने वेडी व्हायच्या बेतात आहे. फोन का केला नाही, असं विचारशील. कसा करू? मी ‘कॉम्प्युटर’ म्हटलं की तू म्हणतोस, “दुसरं बोल,” आणि दुसरं बोलायच्या आत तुझी शिफ्ट सुरू होते. दोन वर्षं हेच चाललंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर निळ्या खुणा उमटतात आणि तू गप्प. बहिणीच्या अक्षरातला कागद मात्र हातात आला की माणूस वाचतोच. तेव्हा आता शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवलंस तर तुला आईची शपथ.

आधी बातमी, कारण मला दम धरवत नाही. दादा, तू बरोबर होतास! अभ्यासिकेतल्या मशीन तू बिघडवल्या नव्हत्या. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. खोट त्या सॉफ्टवेअरमध्येच होती. ती सापडली, ज्यांनी ते बनवलं त्यांनी कबूल केली, आणि दुरुस्तही झाली. हे मी घरात इतक्यांदा मोठमोठ्याने सांगितलंय की आई म्हणाली, “पोरी, आता श्वास त घे व.”

तो जयंतीचा दिवस आठवायला तुला आवडत नाही, मला माहीत आहे. पण एकदा लिहू दे, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. वाशीमच्या एका ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीन तू मागून आणल्यास, त्यांच्यावर लिनक्स, ती फुकट मिळणारी सिस्टीम, बसवलंस. सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये पुस्तकं, प्रश्नपत्रिका, भरतीचे सराव पेपर भरलेस आणि बाकीच्या मशीन तिच्याकडून ते मागून घेतील अशी सोय केलीस. विहाराच्या त्या खोलीत गावातली पोरंपोरी अभ्यासाला बसायला लागली. तू असलास की सगळं चालायचं. तू नसलास की सकाळी खोली उघडणाऱ्याच्या नशिबी एकच उत्तर, ‘सापडत नाही’. तू येऊन एक कमांड मारलीस की पुन्हा सुरळीत. जयंतीला पाहुण्यांच्या हस्ते सराव परीक्षा सुरू व्हायची होती, तू मिरवणुकीच्या कामात अडकलेला, आणि एकाही पडद्यावर पेपर उघडेना. माणिकरावकाका म्हणाले, “फुकटाचं बसवलं, आता फुकटासारखं चालून राह्यलं.” लोक हसले. आणि आपले बापू, बाप म्हणून नाही तर विहार समितीचे अध्यक्ष उत्तमराव म्हणून, भर मांडवात सगळ्यांदेखत तुला म्हणाले, “चाबी दे.” तू ती टेबलावर ठेवली नाहीस, त्यांच्या हातात दिलीस. त्या वेळचा तुझा चेहरा मी विसरलेले नाही. आठवडाभरात तू चाकणला निघून गेलास आणि अभ्यासिकेच्या मशीनवर आईने तिची जुनी लुगडी टाकली.

या दिवाळीच्या सुट्टीत माझं डोकं फिरलं. कारंज्याच्या कॉलेजात आम्हाला लिनक्सच्या सर्व्हिस शिकवल्या. सर्व्हिस म्हणजे काय हे मला तू केव्हाच सांगितलं होतंस, आठवतं? पडद्यावर न दिसता मागे राबणारा प्रोग्राम, आपल्या आईसारखा. चालू आहे तोवर कुणाचं लक्ष नसतं, बंद पडला की सगळ्यांना भूक लागते. वर्गात हे उदाहरण मी दिलं तर सर हसले आणि म्हणाले, परीक्षेत असंच लिहू नको. एसटीने घरी येताना मनात एकच विचार, आपली ती सर्व्हिस रोज मरत का होती? माणिकरावकाकांकडून दुसरी चाबी मागून आणली. बापूंना विचारलं नाही. तुझी चाबी त्यांच्याकडेच होती, पण ती कुठे ठेवली हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

लुगडी काढली, धूळ झटकली, मशीन सुरू केल्या. तोच जुना खेळ! मग मोठ्या मशीनचा लॉग उघडला, म्हणजे ती स्वतःचं रडगाणं जिथे लिहून ठेवते ती जागा. पुस्तकं वाटणारी आपली सर्व्हिस उठली, नेटवर्कचा पत्ता मिळाला नाही म्हणून पडली, पुन्हा उठली, पुन्हा पडली, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चार-पाचदा असं झालं, आणि मग बाईसाहेब रुसून कायमच्या बसल्या. मी मशीन बंद करून परत चालू केली तर कशी गुणी बाळासारखी चालली. कितीदाही बंद-चालू करा, चालतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर पुन्हा रुसलेली. मला एवढा राग आला की मी तिला शिव्या घातल्या, आणि नेमकी आई चहा घेऊन दारात.

त्या लिनक्सवाल्यांचं बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायचं पान आहे ना, तिथे शोधलं. तर हीच तक्रार आधीपासून तिथे होती. खाली नाव होतं, मुकेश, आसेगाव. दादा, तू कधी बोलला नाहीस रे. तुझं ते तोडकंमोडकं इंग्रजी वाचून आधी हसू आलं आणि मग मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सगळं बरोबर लिहिलं होतंस, लॉगसुद्धा जोडला होतास. त्याखाली त्यांचं उत्तर होतं की आम्ही मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिली, आमच्याकडे असं घडत नाही, तक्रार बंद करत आहोत. ते उत्तर तू चाकणच्या खोलीवर एकट्याने वाचलं असशील. तेव्हापासून ‘दुसरं बोल’ सुरू झालं, हो ना?

मी त्याच्याखालीच लिहिलं. जरा तिखट लिहिलं, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. तुमच्याकडे घडत नाही म्हणून आमच्याकडे घडलेलं खोटं ठरत नाही, माझ्या भावाची तक्रार उघडा. मला वाटलं कुणी विचारणार नाही. पण मार्गिट नावाच्या एक बाई आहेत, कुठल्याशा थंड देशातल्या, ती सर्व्हिस आता त्या सांभाळतात. त्यांनी तक्रार खरंच उघडली आणि खोदून खोदून विचारायला लागल्या. हा लॉग पाठवा, तो पाठवा, ही ओळ बदलून बघा. मी कॉलेजातून आले की हातपाय न धुता अभ्यासिकेत. बरेच दिवस काही हाती लागेना. त्यांच्याकडे चालतंय, माझ्याकडे सकाळी मेलेलं. शेवटी त्यांनी लिहिलं, तुम्ही रोज खोली बंद करताना जे जे करता ते सगळं लिहा, सांगण्यासारखं वाटलं नाही तरी लिहा.

मीही वैतागून सगळं लिहिलं. मशीन नीट बंद करतो. खिडक्या लावतो. बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती विझली का ते बघतो. शेवटी मेन पाडतो. बाहेरून कुलूप लावतो.

तिकडून एकच प्रश्न आला, मेन पाडतो म्हणजे काय?

अरे, मला कळेचना की यात न कळण्यासारखं काय आहे! विहारात एकदा शॉर्टसर्किट होऊन पडदा जळाला तेव्हापासून बापूंचा नियम आहे, शेवटचा माणूस मेन पाडून जाईल. आपल्याकडे घरंदारंही अशीच, गावाला निघालो की आधी मेन. ही सांगायची गोष्ट आहे हे तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मी त्यांना समजावलं की मेन म्हणजे अख्ख्या खोलीची लाईन, दिवे, पंखे, मशीन, वायफायचा डबासुद्धा. आणि दादा, पुढचं उत्तर वाचताना मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या घरातला वायफायचा डबा आम्ही कित्येक वर्षांत बंदच केलेला नाही. आज तुमचं वाचून डबा आणि मशीन दोन्हींची लाईन एकदम काढली, एकदम दिली, आणि माझ्याकडेही घडलं!

माझ्याकडेही घडलं! याच्यापेक्षा गोड वाक्य मी आजवर वाचलेलं नाही. मी अंगणात धावत सुटले, आईला धरून गरगर फिरवलं, ती ओरडतेय, “गुडघा व माह्या, गुडघा!” तुझ्या लक्षात आलंच असेल आता. सकाळी मेन वर केला की सगळं एकदम जागं होतं. मशीनना नेटवर्कचा पत्ता देणारा वायफायचा डबा म्हातारा, डोळे चोळत उठतो. मोठी मशीन मात्र तरतरीत, कारण तू स्वतःच्या खर्चाने तिच्यात नवीन वेगवान डिस्क घातली होतीस. ती डब्याच्या आधी उठते, पत्ता मागते, मिळत नाही, घाईघाईत चार-पाचदा मागून सोडून देते. नुसती मशीन बंद-चालू केली तर डबा जागाच असतो, मग खोट दिसणार कशी? तू आलास की कमांड मारायचास, तोवर डबा उठलेला असायचा. जयंतीच्या दिवशी मेन वर केला तो पाहुणे दारात आल्यावर.

बापूंना सांगायचं कसं, याचं मला जरा भय वाटलं, कारण मेनचा नियम त्यांचा. शेतातून येऊन ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, बापू, लाईन आली की शेतातली ऑटोवर टाकलेली मोटर लगेच सुरू व्हायची आणि ट्रिप होऊन बंद पडायची, म्हणून तुम्ही स्टार्टरला टायमर बसवला ना? अगदी तसंच झालंय तिथे. ते लगेच म्हणाले, “मंग तिले बी टायमर बसवाले सांग न.” मी म्हटलं, तेच केलंय त्यांनी. आता ती डबा उठेपर्यंत वाट बघते आणि मधेच हात टेकत नाही. बापू मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हंजे पोराचं काईच चुकलं नव्हतं. मेन त मीच पाडाले लावत होतो.” मी सांगितलं की मार्गिटबाई म्हणतात, मेन पाडणं चूक नाही, लाईन कधीही जाते, सॉफ्टवेअरने ते सोसायलाच पाहिजे. पण त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. रुमाल खांद्यावर टाकून ते बाहेर निघून गेले.

दुरुस्त केलेली सर्व्हिस परवा आली. ती बसवली, आणि मेन पाडायला बापू स्वतः आले. मी, आई, माणिकरावकाका, सगळे बघत उभे. बापूंनी मेन पाडला, थोडं थांबले, वर केला. मोठी मशीन उठली. डब्याचा दिवा लाल, लालच, मग हिरवा. आणि एकेका पडद्यावर पुस्तकांची यादी उतरत गेली, कुणीही कमांड न मारता! बापूंनी पुन्हा पाडला, पुन्हा वर केला, लहान मुलासारखं कितीदा तरी केलं. शेवटी मीच म्हटलं, बापू, आता डबा जळेल. माणिकरावकाका म्हणाले, “मुकेशले फोन लावा, मले बोलाचं हाय त्याच्याशी.” बापू म्हणाले, “फोन नको.”

आणि हो, दुरुस्तीच्या नोंदीत तक्रार कुणी केली त्याचं नाव घालतात. मार्गिटबाईंनी विचारलं, कुणाचं घालू? मी लिहिलं, पहिलं नाव मुकेशचं, आसेगावचं. त्यांनी तुझी माफी मागितली आहे, त्याच पानावर, सगळ्या जगाला दिसेल अशी. दुसरं नाव माझं घालते म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही, एवढ्या मोठ्या मनाची मी नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण हे माझ्या मनाने लिहिलेलं नाही. मी तर तू ‘दुसरं बोल’ म्हणत असतानाही तुला फोनच करत सुटले असते. आज सकाळी वंदना करून बापू आले, माझ्यासमोर कोरे कागद ठेवले आणि म्हणाले, “त्याले पत्र लिही. सगळं लिही.” मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. तुझी चाबी तिच्यात होती, दादा. दोन वर्षं रोज चष्म्याबरोबर त्यांनी ती खिशात वागवली आणि कधी कुलुपाला लावली नाही. मला वाटलं तुला पाठवायलाच काढली, म्हणून मी ती पाकिटात टाकली. त्यांनी ती परत बाहेर काढली. म्हणाले, “अशी नाई. सगळ्यायसमोर मांगतली होती, सगळ्यायसमोरच देईन. त्याले लिही, बाप पुनवेच्या बैठकीत उभा राहून देनार हाय, फक्त तू ये म्हना.” एवढं बोलून त्यांनी डबी खिशात टाकली आणि चष्मा न घालताच निघून गेले. तेव्हा रजा टाक. पौर्णिमेला संध्याकाळी विहारात बैठक आहे, आणि मी आज अभ्यासिकेचा मेन पाडून आले आहे. तो वर करायला तू ये.

वाट बघणारी, आणि तू येईपर्यंत कुणालाच चैन पडू न देणारी,
तुझीच,
समीक्षा