सभासद नंबर सत्तेचाळीसचं दूध

८ सप्टेंबर १९९७, सोमवार

झुंबरआबांच्या म्हशीनं काल बाराशे ऐंशी लिटर दूध दिलं!

माझ्या प्रोग्रामचं म्हणणं. आबा दूध संस्थेचे चेअरमन, त्यामुळं दुधाच्या मापाची चिठ्ठी लपवायचीही सोय नाही. त्यांनीच ती पारावर उभं राहून वाचून दाखवली. दुपारपर्यंत भवानीनगरहून दोघं म्हैस बघायला आले.

झालं असं – संस्थेचं जुनं मशीन शनिवारी जळलं. काल बारामतीहून नवं नेऊन बसवलं, जुन्या टेपवरच्या नोंदी त्यात ओतल्या. सगळं सुरळीत. मग चिठ्ठ्या छापल्या आणि गावात दुधाचा महापूर.

९ सप्टेंबर

सापडलं. जुनं मशीन आकड्याचा थोरला भाग आधी लिहायचं, नवं धाकटा आधी. कचेरीत आडनाव आधी, घरी नाव आधी, तसंच. पाचाचे बाराशे ऐंशी होणारच. मी मात्र दोन वर्षांपूर्वी हे सगळं लिहिताना धरूनच चालले की जगातली यच्चयावत मशीनं माझ्या मशीनसारखी. काय शहाणी!

आता आकडा कुठल्याही मशीनवर एकाच क्रमानं लिहिला जाईल असं केलं. आबांची म्हैस परत पाच लिटरवर. आबांचा चेहरा पडला. आठवडाभर राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणाले.

१२ सप्टेंबर

खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते जुन्या मशीनवरही होतं म्हणे. सभासद नंबर ४७. नंबर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, दूध घालतात दोघी जावा. थोरल्या रंगूबाई, धाकट्या प्रयागबाई. चुली वेगळ्या, नंबर एकच. रंगूबाई सांगतात, मी पाच लिटर घातलं. प्रयागबाई सांगतात, मी चार. चिठ्ठीवर एकूण कधी चार, कधी पाच! रोज नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा. रंगूबाईंचं ठाम मत – धाकटी संस्थेत घालतच नाही, परस्पर हॉटेलात देते. प्रयागबाईंचं मत ऐकलं, पण इथं लिहवत नाही.

इतर कुणाचं थेंबभर हरवत नाही. सचिव म्हस्कूतात्या खुशीत. त्यांचा पहिल्यापासून वहीवर विश्वास.

आबांनी निकाल दिला. दसऱ्यापर्यंत ४७ नंबरचं दूध सापडलं नाही तर कॉम्प्युटर बंद, वही सुरू. आमच्या ऑफिसचे मालक अजितसर परतताना मोटारसायकलवर मागं न बघता म्हणाले, ही एकच संस्था आहे आपल्याकडं, ती गेली तर तुमचं कसं जमायचं बघा. म्हणजे नोकरी गेली. आणि नोकरी गेली की आई कऱ्हाटीच्या स्थळाला होकार कळवून मोकळी होणार. फोटो देवघरात ठेवलाय तिनं!

१५ सप्टेंबर

पहाटेच्या एसटीनं जाऊन सकाळभर बसले. काही हरवलं नाही. मी बघायला गेले की प्रोग्राममधला हा बग सोवळ्यात बसतो.

२० सप्टेंबर

ऑफिसात करून बघितलं. दिवसभर एकटीनं नोंदी घातल्या. एकही चुकली नाही. मग डोक्यात आलं की संस्थेत टेबलं दोन, हात दोघांचे. अजितसरांना दुसऱ्या टर्मिनलवर बसवलं, एक-दोन-तीन म्हटलं की बटण दाबा. त्यांच्या एका हातात भेळ. तीनला दाबायचं ते साडेतीनला दाबतात. चाळीस वेळा केलं. शेवटी म्हणाले, ‘‘तुम्ही फार संशय घेता.’’

प्रोग्रामर संशय नाही घेणार तर काय हळदीकुंकू करणार?

२४ सप्टेंबर

अगं बाई!!

आज मशीनकडं बघितलंच नाही. दारात उभी राहून माणसं बघितली. दोघी जावा एकाच वाटेनं आल्या. दहा पावलांचं अंतर. अंतर ना कमी होत, ना वाढत. दोघींच्या म्हशी एका गोठ्यात, धारा एका वेळेला, निघायची वेळ एक. पण एकमेकींच्या मागं उभं राहायचं नाही ना! एक या रांगेत, एक त्या रांगेत. मागं राहिली तर कमीपणा, म्हणून दोघींच्या किटल्या बरोबर एका क्षणाला काट्यावर.

दोन्ही टेबलांनी एकदमच ४७ ची नोंद वाचली – शून्य. एकानं पाच मिळवून लिहिलं. दुसऱ्यानं आपल्या शून्यात चार मिळवले आणि त्याच्यावर लिहिलं. पाच लिटर गडप.

नोंदीला कुलूप होतं की माझं, एकाचं लिहून होईतो दुसऱ्यानं थांबायचं! पण ते वाचून झाल्यावर लावत होते. वरातीमागून घोडं. प्रोग्रामखाली नाव कुणाचं? माझंच.

इतका कडवा अबोला साऱ्या तालुक्यात दुसरा नसेल. नाहीतर हा बग जन्मात सापडला नसता. एसटीत एकटीच हसत होते. कंडक्टरनं सुट्टे न मागता तिकीट दिलं.

२७ सप्टेंबर

कुलूप वाचायच्या आधी लावलं. सव्वासहाला दोन्ही टेबलं ठप्प. पन्नास माणसं, खोळंबलेलं दूध, सगळी माझ्याकडं बघतायत.

पहिल्या टेबलानं सभासदाची नोंद धरली, दुसऱ्यानं दिवसाच्या बेरजेची. दोघांनाही दुसऱ्याच्या हातातली हवी. एका भावाकडं ट्रॅक्टर, दुसऱ्याकडं ट्रॉली, आणि दोघं म्हणतायत आधी तू दे. ऊस उभाच! दुसऱ्या टेबलाचा कोड मी जेवून आल्यावर लिहिलेला, त्यात क्रम उलटा झाला. आता दोघांनीही आधी सभासदच धरायचा. म्हस्कूतात्यांनी तोवर वही काढून शाई भरलेली.

११ ऑक्टोबर, दसरा

दोन आठवडे. एक थेंब नाही हरवला! आबांनी काट्याची आणि कॉम्प्युटरची पूजा केली, कीबोर्डवर झेंडू वाहिले. एक पाकळी एंटरखाली गेली, ती काढायला पाऊण तास गेला. मला नारळ मिळाला. आईनं फोटो देवघरातून हलवून कपाटात ठेवलाय. जिंकले!

१३ ऑक्टोबर

आज दोघींना त्यांच्या ओसरीवर एका बाजूला बसवून समजावलं. एकीनंही दूध चोरलं नव्हतं, चूक माझी होती. वर चेष्टेनं म्हणाले, तुमचं भांडण नसतं तर सापडली नसती.

प्रयागबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. ‘‘आमचं भांडान कुठं हुतं पोरी? मशीन आलं, दोन टेबलं झाली, तवा आमीच ठरवलं, एक हिकडं हुबी राहू, एक तिकडं, म्हंजी लवकर घरी. त्याच हप्त्यात दूध कमी आलं. तितनं सुरू झालं समदं.’’

पहिलं मशीन बसून सव्वा वर्ष झालं. ओसरीच्या मधोमध आता भिंत आहे. पक्क्या विटांची, गिलावासुद्धा झालेला.  रडूच आलं.

रंगूबाई उठून भिंतीपाशी गेल्या, हातानं ठोकून बघितली. मग मला नाही, जावेला म्हणाल्या, ‘‘पहार हाय का गं तुझ्याकडं?’’