मावशींसाठी प्रार्थना

बुधवार, ४ मार्च
पेटीवाल्या मावशींनी आज माझं घर चव्हाट्यावर मांडलं. तेही हात जोडून!

बायकांची प्रार्थनासभा होती. चर्चची पायपेटी वाजवतात त्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "हे प्रभू, आमच्या या बहिणीच्या नवऱ्याची दारू सुटू दे. तो बस चालवतो, लोकांचे जीव त्याच्या हातात आहेत." सगळ्यांचे डोळे मिटलेले, कान टवकारलेले. मी एकट्या त्यांनाच सांगितलं होतं. रडत. डेपोत कळलं तर नोकरी जाईल, हेही सांगितलं होतं. आणि डेपोच्या साहेबांची बहीण माझ्या मागच्याच बाकावर!

बाहेर गाठून विचारलं, "मावशी, हे काय केलंत?"

"अगं, प्रार्थनाच केली ना?"

गुरुवार, ५ मार्च
यांच्या कानावर गेलंच. औषधोपचार सुरू केल्यापासून बाटलीला शिवलेले नाहीत — पण आज खिडकीपाशी बसून नुसते हात चोळत होते. "त्या चर्चची पायरी मी पुन्हा चढणार नाही," एवढंच बोलले.

रविवार, ८ मार्च
एकटीच गेले. "मिस्टर नाही आले?" पाळकांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, इतक्या गोड आवाजात विचारलं की अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवार, १० मार्च
मावशी घराच्या पायरीवरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. त्यांना मागेपुढे कोणी नाही. आमच्या मंडळीत कोणी आजारी पडलं की बायका पाळ्या लावून घेतात — जेवण, आंघोळ, अंथरूण. गुरुवार माझ्या गळ्यात पडला. नाही म्हणणार होते, पण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

गुरुवार, १२ मार्च
सूप नेलं. वाटी पुढ्यात ठेवली. मावशींचा हात वाटीच्या बाजूला टेबलावर चाचपडत राहिला. मी बघत राहिले. मग वाटी त्यांच्या हाताला लावली.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाल्या, "झालं वर्षभर. ती पायरीही दिसली नाही गं. गीतं सगळी पाठ आहेत. फळ्यावर लिहिलेले त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक तेवढे कोणी यायच्या आत नाक लावून वाचते. कोणाला बोलू नकोस. पेटी काढून घेतील माझ्याकडून. पेटीशिवाय मला आहे कोण?"

घरी येताना मी खूश होते. लिहायला लाज वाटते, पण होते. आता त्यांची शेंडी माझ्या हातात.

रविवार, १५ मार्च
पेटीविना उपासना. एक जण वर, एक जण खाली. गीतांची पार रया गेली.

सोमवार, १६ मार्च
यांना डेपोत बोलावलं. बहिणीने भावाला सांगितलंच! "उपचार पुरे करा, मग बघू," असं साहेब म्हणाले. मग बघू म्हणजे काय? हे जेवले नाहीत. आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा शर्ट हुंगून पाहिला. हल्ली हेच करते. मला मावशींचा इतका राग आलाय की त्यांचं नाव निघालं तरी डोकं फिरतं.

बुधवार, १८ मार्च
सभा. पाळकीणबाई म्हणाल्या, "मावशींचं तुम्ही करताय. तुम्हीच प्रार्थना करा."

उभी राहिले. डोळे मिटले. शब्द ओठांवर तयार होते — हे प्रभू, आमच्या या बहिणीला दृष्टी दे. किती सोपं! कोणी नावं ठेवली नसती. प्रार्थनाच तर केली असती. बाकं कुरकुरली, सगळ्या वाट बघत होत्या. मला तो टेबलावर चाचपडणारा हात दिसायला लागला.

"प्रभू, मावशींचा पाय बरा कर. आमेन."

खाली बसले. राग काही गेला नव्हता.

गुरुवार, १९ मार्च
मावशींचे केस विंचरत होते.

"काल नुसता पायच म्हणालीस म्हणे."

"हो."

"मला नाही जमलं तसं."

माझी फणी केसांतच थांबली. मावशी समोर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे पाठवशील?"

"यायचे नाहीत ते."

"तू निरोप तर दे."

दिला. यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून गेले.

शनिवार, २१ मार्च
दुपारपासून हे घरात नाहीत. फोन घरीच ठेवलेला. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात जाऊन डोकावून आले. बाईमाणूस तिथे डोकावतं म्हटल्यावर सगळे बघायला लागले. बघेनात का. हे तिथे नव्हते.

दिवेलागणीला आले. वास नव्हता. "पाय भरून आलेत," म्हणाले आणि आडवे झाले. कुठे गेला होतात, हे विचारायचा धीर झाला नाही. काय उत्तर येईल याचीच भीती वाटली.

रविवार, २२ मार्च
मी उठायच्या आत हे निघून गेलेले. एकटीच चर्चला गेले. पेटीच्या बाकावर मावशी, प्लास्टरचा पाय स्टुलावर. त्यांच्या शेजारी हे — खाली पायांनी पेटीचा भाता मारताहेत. सगळं चर्च बघत होतं. यांनी मान खाली घातली नाही.

प्रत्येक गीताआधी हे फळ्याकडे बघायचे आणि वाकून मावशींच्या कानात क्रमांक सांगायचे.

डोळ्यांचं मी यांना सांगितलं नव्हतं.