काचपट्टी क्र. २१४ आणि नोंदवहीतील माझी खोटी सही

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नंदिहळ्ळी कर्करोग निदान केंद्र,
दावणगेरे.

विषय : काचपट्टी क्र. २१४ चा निर्दोष अहवाल रद्द करून रुग्णास तातडीने बोलावणेबाबत.
संदर्भ : १) आपले परिपत्रक ‘एकाग्र कर्मचारी, उत्तम काम’, दि. ३ जून. २) माझे तोंडी निवेदन, दि. ११ जुलै.

महोदय,

मी, सुमित्रा हळ्ळिकेरी, काचपट्टी तपासनीस, सेवा एकोणीस वर्षे, पुढीलप्रमाणे सादर करते.

१. गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या काचपट्ट्या मी सूक्ष्मदर्शकाखाली वाचते. पट्टी ओळीओळीने वाचावी लागते. मध्येच डोळा उचलला की आपण कुठल्या ओळीत होतो ते सापडत नाही. म्हणून आमच्या दाराशी शिपाई यल्लव्वा स्टूल टाकून बसत असे आणि येणाऱ्या प्रत्येकाला, डॉक्टरसाहेबांनासुद्धा, “अक्का काच वाचतायत, मागाहून या,” असे सांगून परतवीत असे. तेवढ्यावर आमचे उत्तम चालले होते.

२. संदर्भ १ अन्वये कर्मचाऱ्यांची एकाग्रता वाढविण्याचे ठरले आणि यल्लव्वाचे स्टूल उचलून तिच्या हाती एकाग्रता नोंदवही देण्यात आली. आता तीच दर अर्ध्या तासाने आत येते, खांद्याला हात लावते, मन लागले आहे का असे विचारते आणि दहापैकी गुण लिहवून सही घेते. बिचारी स्वतःच ओशाळते. “अक्का, मला कळतंय हो सगळं, पण सही नाही नेली तर मलाच मेमो येतो.” तिचा यात काडीचा दोष नाही, हे नमूद करते.

३. मंगळवार दि. ९ रोजी साडेअकरा वाजता मी पट्टी क्र. २१४ वाचत असताना यल्लव्वा आली. मी ‘दहा’ लिहून सही केली आणि पुन्हा वाचू लागले. काल फेरतपासणीत दिसले की मधली एक पूर्ण ओळ माझ्याकडून राहिली होती. त्या ओळीत सदोष पेशी आहेत. मी तीनदा पाहिल्या. डॉक्टरसाहेब रजेवर असल्याने अहवाल रद्द करण्याचा अधिकार फक्त आपणांस आहे.

४. काल मी आपल्या कार्यालयात धावत आले. हेडक्लार्क श्री. रुद्रेश यांनी नोंदवही उघडून दाखविली. “साडेअकराला तुम्हाला दहापैकी दहा आहेत, मॅडम. मग चूक होईलच कशी?” अहवाल रद्द केला तर नोंदवही खोटी ठरेल आणि याच नोंदवहीवर केंद्राचे नाव बक्षिसासाठी गेले आहे, असेही त्यांनी समजाविले. धन्य आहे! हा शब्द अर्जात शोभत नाही, तरी खोडत नाही.

५. रुग्ण मल्लव्वा, वय अडतीस, आणगोडूची. चुरमुऱ्यांच्या भट्टीवर काम करते. बुधवारी अहवाल हाती पडताच ती पिशवीभर गरम चुरमुरे घेऊन माझ्या टेबलाशी आली. “आता सोमवारी शिवमोग्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात कशाला जाऊ, अक्का? तारीख मोडून टाकली मी. तुम्हीच लिहिलंत ना, काही नाही म्हणून!” मी हसून मान हलविली, साहेब. चुरमुरे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. कालपासून मला अन्न गोड लागत नाही.

सबब विनंती की, माझी साडेअकराची सही खोटी धरावी, त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी आणि अहवाल आजच रद्द करावा. मल्लव्वाचा दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाच्या कपाटात आहे. तो न मिळाल्यास मी उद्या सकाळी सव्वासातच्या बसने आणगोडूस जात आहे. भट्टी कुठे आहे ते विचारत जाईन. अहवाल रद्द झाल्याचा कागद हाती असेल, तर मोठा दवाखाना तिला सोमवारची तारीख पुन्हा देईल. नसेल, तर मला नुसते तोंड घेऊन तिच्यासमोर उभे राहावे लागेल. तरीही मी जाणार आहे.

आपली नम्र व चूक कबूल असलेली,
सुमित्रा हळ्ळिकेरी
दि. १२ जुलै, शुक्रवार

सोबत : राहिलेल्या ओळीचे छायाचित्र, एक.